पेटीत न जाणारं घड्याळ

घड्याळाचा विषय निघाला तो मोहफुलांवरून.

चिचगडच्या रुख्माचं मोहाचं झाड गावापासून बरंच आत, नाल्यापलीकडे होतं. कुठल्या घराने कुठल्या झाडाखाली वेचायचं हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, त्यावरून कधी भांडण होत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून रुख्मा चैत्रात उजाडायच्या आधी टोपली घेऊन त्या झाडाखाली जायची. आधी नवरा सोबत असायचा. बकारामचे गुडघे धरले तशी ती एकटी जाऊ लागली, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायलाही लागलं. थंड हवा, खाली पिवळसर फुलांचा सडा, आणि कुणी काही विचारणारं नाही.

त्या सकाळी टोपली अर्धी भरली होती. रुख्मा वाकून वेचत होती आणि एकाएकी तिच्या डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. पुढचं तिला आठवत नाही. शेजारच्या झाडाखाली सुशिलाबाई होती. अस्वलाच्या धाकाने बाया तिथे अधूनमधून एकमेकींना हाका देत राहतात. सुशिलाबाईच्या हाकांना ओ येईना, तेव्हा ती बघायला आली. रुख्मा फुलांवर आडवी पडलेली, गालाला मोहाचा रस लागलेला.

"मले वाटलं सकाळीच पेली का काय," सुशिलाबाई पुढे कितीतरी दिवस हसत सांगायची. पण त्या वेळी ती आपली टोपली तिथेच टाकून गावाकडे धावली होती.

रुख्माची लेक गुंजन देवरीच्या दवाखान्यात नर्स आहे. तिने आईला तिकडे नेलं. दुपारी तपासण्या झाल्या. छातीच्या ठोक्यांचा कागद निघाला, रक्त गेलं, साखर बघितली. कशात काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, रिकाम्या पोटी वाकून काम केलं की होतं असं कधीकधी, लक्ष ठेवा. मोठा मुलगा गजेंद्र बिरसीच्या विमानतळावर आगीच्या बंबावर नोकरीला. त्याला रजा मिळाली ती दोन दिवसांनी. तो आला, आईच्या खाटेजवळ बसला आणि पहिलंच वाक्य बोलला, "माय, आता जंगलात जाचं नाई."

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिची खाट रिकामी होती.

ती परत आली तेव्हा गजेंद्र ओसरीवर उभा होता. गुंजनही होती. दोघांचे चेहरे पाहून रुख्माने टोपली खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं.

"तुले आमचं ऐकाचंच नाई का?" गजेंद्र म्हणाला.

"ऐकली ना. ऐकून गेली."

"आन पुन्हा पडली त?"

"पडली त पडली. अठी ओसरीवर बसून काय मी पडनार नाई? तुमी दोघंबी आपापल्या कामावर जाता. मी कोनाले म्हनलं का, काऊन जाऊन राहिले म्हनून?"

बकाराम खाटेवर बसून गुडघ्याला तेल लावत होता. तो कोणाच्याच बाजूने बोलला नाही. तेलाची बाटली मात्र त्याने जरा जोरात ठेवली, आणि त्या घरात त्याचा अर्थ 'पुरे करा' असा होतो.

त्यावर तोडगा काढला गुंजनने. असं घड्याळ मिळतं की हातात घालणारा माणूस पडला तर ते स्वतःहून फोन लावतं. नाडीही मोजतं. नाल्यापलीकडच्या टेकाडावर मोबाइलला टॉवर मिळतो, हे गजेंद्रला माहीत होतं. फोन कमरेच्या पिशवीत ठेवायचा आणि घड्याळ हातात. घड्याळ घालशील तर जा, नाहीतर नाही, असं ठरलं. रुख्माने जन्मात मनगटाला घड्याळ लावलं नव्हतं. पण जंगल सुटण्यापेक्षा घड्याळ परवडलं, असा तिने विचार केला.

मे महिन्यात एका रविवारी आई आणि दोन्ही लेकरं गोंदियाच्या बाजारात एका दुकानात शिरली. आत गार हवा होती. काचेच्या पलीकडे नीतू नावाची मुलगी उभी होती, तिचा सगळा कारभार हिंदीतून.

"अम्मा के लिए? आओ अम्मा, बैठो." तिने रुख्मासाठी स्टूल ओढलं आणि काचेवर तीन घड्याळं मांडली. चेहरा तिन्हींचा सारखाच, चौकोनी, काळा. "अंदर से सब एक जैसे हैं. फर्क सिर्फ बाहर की बॉडी का है. ये ॲल्युमिनियम, ये स्टील, ये टायटॅनियम."

"जर्मनचं?" रुख्मा पहिल्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाली. तिच्या घरात ॲल्युमिनियमच्या भांड्याला, मग तो गंज म्हणजे पातेलं असो की ताट, जर्मनचंच म्हणतात.

गुंजनला हसू आलं. "हो माय, जर्मनचं. पन गंजासारखं नाई. ह्याले कडक करते."

"जर्मनच्या गंजाले टोला पडला का पोचा येते."

"तेच म्हनतो मी," गजेंद्र पुढे सरकला. "माय, हे पाह्य. इष्टील." त्याने मधलं घड्याळ उचलून तिच्या तळव्यावर ठेवलं. ते चकाकत होतं, आरशासारखं. त्यात दुकानाचे दिवे दिसत होते. "घासलं, आपटलं तरी काई होत नाई. जन्मभर टिकते."

रुख्माने ते हातात तोललं. जड होतं, गार होतं. छान होतं, यात शंका नाही. बाजारातलं गिलटाचं कडं तिला आठवलं. तरुणपणी हौसेने घेतलं होतं आणि आठ दिवसांत मनगटाभोवती लाल पट्टा उठून खाज सुटली होती.

गुंजनलाही तेच आठवलं असावं. "दादा, हिले गिलट चालत नाई. इष्टीलमधेबी निकेल असते. अंगावर फोड उठले त ही काहाडून फेकून देईन."

"ये अच्छा वाला स्टील है, दीदी," नीतू म्हणाली. "ज्यादातर लोगों को कुछ नहीं होता."

"जादातर," गुंजन म्हणाली.

"मग हे घेऊ." गजेंद्रने तिसऱ्याला हात घातला. त्याचा रंग करडा, चकाकी नाही, राखेत घासलेल्या विळ्यासारखा. "टायटॅनियम. विमानात लागते हे, माय. इष्टीलइतकं मजबूत आन हलकं."

"मले उडाचं नाई," रुख्मा म्हणाली.

नीतू मोकळेपणाने हसली. गजेंद्र हसला नाही. आई पडली त्या दिवशी तो येऊ शकला नव्हता, बिरसीला ड्यूटीवर उभा होता आणि फोनवर नुसतं 'कशी आहे, कशी आहे' विचारत होता. आज तो दुकानातलं सगळ्यात चांगलं तेच घ्यायचं असं मनाशी ठरवून आला होता. रुख्माला हे त्याच्या उभं राहण्यावरून कळत होतं. लहानपणी आजोळच्या वाटेवर तिचं गाठोडं उचलायला तो हट्ट करायचा, तेव्हाही असाच उभा राहायचा.

"पहनाके देखते हैं," नीतूने सुचवलं. तिने काचेवरून हात पुढे केला. रुख्माने डावा हात दिला, कारण घड्याळ डाव्या हातात घालतात एवढं तिला ठाऊक होतं. नीतूने ॲल्युमिनियमचं घड्याळ बांधलं आणि नाडी मोजायचं बटण दाबलं. घड्याळाच्या पोटाखाली हिरवा उजेड लुकलुकू लागला. पडद्यावर आकडा यायला हवा होता. आली नुसती एक आडवी रेघ.

"ढीला होगा." नीतूने पट्टा आवळला. पुन्हा रेघ.

स्टीलचं लावलं. रेघ. टायटॅनियमचं लावलं. रेघ.

"तिन्ही खराब कसे काय?" गजेंद्रचा आवाज चढला. नीतूने तेच घड्याळ स्वतःच्या मनगटाला लावलं. टप्पकन आकडा आला. तिने ते गजेंद्रच्या हाताला लावलं. आकडा आला, आणि चांगलाच मोठा आला.

"मंग मी मेली का?" रुख्माने विचारलं. "घड्याळ त तसंच म्हनून राहिलं."

गुंजनने आईचा डावा हात आपल्या हातात घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होतं. ठिपक्यांच्या ओळी, त्रिकोण, बारीक पानं, सगळं एकमेकांना इतकं लागून की मधली कातडी शोधावी लागे. वर्षांनी ते काळ्याचं हिरवट निळं झालं होतं. गुंजनने जन्मापासून तो हात पाहिला होता, पण त्याच्याकडे असं बघण्याची वेळ आज पहिल्यांदा आली.

"गोंदन आहे," ती म्हणाली. "उजेड आत जाऊन परत आला पाह्यजे. गोंदनाची शाई तो गिळून टाकते."

नीतू वाकून बघू लागली. "हाँ, टॅटू पे दिक्कत होती है. ऐसा सुना था."

आपल्यामुळे दुकानात काहीतरी अडलंय, एवढं रुख्माला समजलं. तिने हात मागे घेतला आणि पदराखाली नेला. त्या अवघडलेल्या क्षणी गजेंद्र जे बोलला ते तो एरवी बोलला नसता.

"आता त लेझरनं निंगते म्हनते हे. नागपूरले करून देते."

गुंजनने भावाकडे बघितलं. रुख्माने पदराखालचा हात बाहेर काढला आणि सावकाश काचेवर ठेवला, घड्याळांच्या शेजारी.

"हे गोंदन मायनं केलं माह्या," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी अशी लहानशी होती. गोंदनारी बाई अंगनात बसली होती, मायनं मले मांडीवर दाबून धरलं होतं. मी रडून राहिली, ते बी रडून राहिली. बाकी सारं अठीच राहाचं, गजेंद्र. चांदी काहाडून घेते, लुगडं काहाडून घेते. हे तेवढं सोबत येते. हे काहाडलं त वर जाऊन मी मायले काय दाखवू?"

गजेंद्रने मान खाली घातली. "चुकलं माय," तो पुटपुटला.

"चुकलं नाई. तुले मालूम नोहतं." तिने त्याच्या दंडाला हलकेच थोपटलं. मग जरा थांबून म्हणाली, "उजवा हात पाहा ना."

तिने उजवी बाही वर केली. त्या हातावर गोंदण होतं, पण कोपराजवळ. तिथून खाली येता येता ओळी विरळ होत गेल्या होत्या आणि मनगटाच्या कितीतरी आधी एका अर्ध्या पानाशी थांबल्या होत्या. मनगट कोरं होतं.

"हे अर्धंच राहिलं," रुख्मा जरा लाजून म्हणाली. "डावा झाला तवा ताप भरला मले. उजवा अर्धा झाला आन मी पळाली. कोठीत लपली. गोंदनारी दुसऱ्या गावाले निंगून गेली, ते राहिलं त राहिलं. सासू जगली तवरोक बोलायची, अर्ध्या हाताची सून केली म्हनून."

ही गोष्ट दोन्ही लेकरं आज पहिल्यांदा ऐकत होती. गुंजनने तोंडावर हात धरला. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. नीतूने ॲल्युमिनियमचं घड्याळ त्या कोऱ्या मनगटावर बांधलं. हिरवा उजेड लुकलुकला आणि आकडा आला.

"हो गई बात," नीतू म्हणाली. "अम्मा जिंदा है."

आता मात्र घड्याळ कशाचं घ्यायचं हा प्रश्न नव्याने उभा राहिला. उजवा हात म्हणजे कामाचा हात. विळा त्याच हाताने चालतो, कुऱ्हाड त्याच हाताने. भांडी घासायची, शेण काढायचं, चिखलात रोवणा म्हणजे धानाची लावणी करायची, सगळं त्याच हाताने. गजेंद्र हेच सांगू लागला. जर्मनचं घड्याळ त्या हातावर चार दिवसांत ओरबाडून निघेल, मजबूतच हवं.

रुख्माने त्याचं ऐकून घेतलं. मग स्टुलावरून उठली आणि दुकानाच्या मधोमध, गार फरशीवर उकिडवी बसली. आधी स्टीलचं घड्याळ लावून तिने धान कापल्यासारखा हात चालवला. घड्याळ हाताच्या झोक्याबरोबर पुढे जायचं आणि हाडावर येऊन टेकायचं. तिने ते काढून दिलं. मग टायटॅनियमचं लावलं. पुन्हा हात चालवला. मग मोहफुलं वेचल्यासारखी बोटं फरशीवर फिरवली. दारातून आत येणारं एक जोडपं थबकून बघत राहिलं. गजेंद्रला एरवी शरम वाटली असती, पण मघाच्या बोलण्यानंतर त्याने उलट स्टूल बाजूला ओढून तिला जागा करून दिली.

"हे चांगलं आहे," रुख्मा म्हणाली. गजेंद्रचा चेहरा उजळला. "महाग असल."

"ते तू नको पाहू."

"महागच असल." तिने ते घड्याळ काढलं, पदराने पुसलं आणि काचेवर अगदी जपून ठेवलं. "गजेंद्र, हे घेशीन त मी पेटीत ठेवीन."

"कायले?"

"तसंच आहे माह्यं. आता तुया बाबानं केलेले चांदीचे कडे कोठी आहे?"

"पेटीत."

"तू सोलापूरची चादर आनली, ते?"

गजेंद्र गोंधळला. "तेबी पेटीत? मले वाटलं तुमी वापरून राहिले."

"मिक्सर खोक्यात आहे," गुंजन मधेच म्हणाली. "माळ्यावर. मी पाहिलं."

"पाट्यावर वाटलेलं बरं लागते," रुख्मा म्हणाली. "चांगल्या वस्तूले जीव लागते माह्या. तुटन, हारपन, पानी लागन म्हनून मी हात लावत नाई. हे विमानाचं घेशीन त रोवन्याले काहाडून ठेवीन, जंगलात काहाडून ठेवीन. मंग कायले घेतेस? जर्मनच्या गंजाले मी कई जपलं का? आपटते, घासते, चुलीवर ठेवते. पोचा आला त येऊ दे. जर्मनचंच घे."

एवढ्यावर सगळं ठरलं. नीतूने ॲल्युमिनियमचं घड्याळ खोक्यात घालायला घेतलं, तर रुख्माने खोकं परत केलं आणि घड्याळ उजव्या मनगटावर बांधून घेतलं. देवरीच्या बसमध्ये गजेंद्र खिडकीशी बसून बाहेर बघत राहिला. त्याला वाटत होतं, आईला द्यायला निघालो आणि सगळ्यात साधं ते देऊन आलो. आमगाव गेल्यावर रुख्माने त्याच्या हातावर आपला उजवा हात ठेवला. त्याने तो तसाच राहू दिला.

घड्याळ अंगवळणी पडायला वेळ लागला नाही. ते इतकं हलकं होतं की रुख्माला रात्री काढायची आठवण राहत नसे. दुपारी चूल निजली की ते काढून चार्जिंगला लावायचं आणि पाणी भरायला जाताना पुन्हा घालायचं, असा क्रम पडला. गुंजनने ते मराठीत करून दिलं होतं, पण बारीक अक्षरं रुख्माला दिसत नसत; ती नुसती चित्रं बघायची.

जूनच्या तोंडाशी एक गंमत झाली. रुख्मा अंगणात दगडाने चिंचा फोडत होती. शेवटचा टोला जोरात बसला, आणि दमून ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. घड्याळाला वाटलं, पडली. त्याने मनगटाला धक्के देऊन विचारलं, रुख्माला डुलकी लागली होती. मग त्याने गजेंद्रला फोन लावला. बिरसीला गजेंद्र बंब धूत होता. पाईप टाकून त्याने फोन कानाला लावला आणि "माय! माय!" म्हणून ओरडला.

रुख्मा जागी झाली. हातातून मुलाचा आवाज येतोय हे बघून ती दचकली. "काय झालं रे?"

"तुले काय झालं? तू पडली का?"

"नाई बा. चिंचा फोडून राहिली. जेवला का?"

जेवलो, असं तो म्हणाला. तिने बरं म्हटलं. पण फोन बंद कसा करायचा हे तिला माहीत नव्हतं, आणि त्याने केला नाही. ती पुन्हा चिंचा फोडू लागली. कोंबडी चिंचोक्यांवर आली तिला शिव्या घातल्या, बकारामला उन्हातून उठून आत बसा म्हणून सांगितलं, सुशिलाबाई आली तिच्याशी पावसाची वाट बघण्यावर बोलली. बिरसीला गजेंद्र बंबाच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होता. बऱ्याच वेळाने त्याने फोन ठेवला. त्यानंतर तो दर रविवारी दुपारी स्वतःच फोन लावू लागला, काही कारण नसताना.

खरा प्रसंग आला तो पाऊस पडून वाफे भरल्यावर. गुंजन फोनवर आईशी बोलत होती. इकडचं तिकडचं झाल्यावर रुख्मा म्हणाली, "तुया घड्याळाले काय रोग आहे मालूम नाई. रोज पहाटे हाताले ठोसे मारते आन लाल काईतरी दाखवते. चार्जिंग सरली असन म्हनून मी तसंच झोपते."

"काय दाखवते?"

"लाल दिल. बाबा म्हनते, कोनाचा मेसेज आला असन तुले."

गुंजन तिकडे उठून उभी राहिली. "आता काई करू नको," ती म्हणाली. "मी येऊन राहिली."

ती संध्याकाळच्या बसने आली आणि आईच्या खाटेजवळ अंथरूण टाकून झोपली. पहाटे घड्याळाने ठोसा मारला तेव्हा ती आधीच जागी होती. तिने आईचं मनगट हातात घेऊन स्वतः नाडी मोजली. घड्याळ खरं बोलत होतं. ठोके चाळीसच्याही खाली गेले होते, आणि आई मात्र मजेत घोरत होती. गुंजनने तिला उठू दिलं नाही. पायांखाली उशी दिली, चहा करून आणला, आणि उजाडल्यावर विचारलं, "माय, तू गोळ्या कोनत्या घेतेस?"

"बीपीची. तुले त मालूम आहे."

"डबा दाखव."

रुख्माने बोट दाखवलं तसा गुंजनने चुलीमागच्या फळीवरून बिस्किटांचा जुना डबा काढला. आत एक पांढरं पाकीट होतं. ते गुंजनला ठाऊक होतं, देवरीहून तिनेच आणून दिलेलं. त्याच्याखाली एक लाल पाकीट होतं.

"हे कोनी देलं?"

"हिवाळ्यात बाजाराच्या दिवशी शिबिर आलतं. तठी डॉक्टरनं तपासलं, म्हनलं बीपी आहे, रोज रात्री एक घेजा. सुशिलाबाईबी घेते."

"आन माही आनलेली?"

"तेबी रात्रीच ना. दोन्ही घेते. डॉक्टरनं देली ते बी घेते, पोरीनं देली ते बी घेते."

गुंजनने दोन्ही पाकिटं उलटी करून बारीक अक्षरं वाचली. कंपनी वेगळी, रंग वेगळा, आत औषध एकच. नाडी हळू करणारं. रात्री दोन गोळ्या एकदम पोटात जात होत्या आणि पहाटे त्यांचा जोर होत होता. पहाटेच आई मोहाखाली पडली होती. दवाखान्यात आणली तेव्हा दुपार झाली होती, गोळ्यांचा जोर ओसरला होता, त्यामुळे तिथे कशात काही दिसलं नव्हतं.

गुंजन डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. रोज शंभर माणसांना ती विचारते, आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत. घरात कधी विचारलं नव्हतं.

"काय झालं?" रुख्माने विचारलं. गुंजनने सांगितलं. रुख्माला पूर्ण समजायला थोडा वेळ लागला, मग ती म्हणाली, "म्हनजे मी मायावाल्याच हातानं..." आणि हसू लागली. तिचं हसणं बघून बकारामही हसला. गुंजनला रडू फुटलं.

"अवो बाई, रडतेस कायले? मी सांगतली नाई, तुले कसं मालूम राहीन? दोन गोळ्या म्हनजे दुप्पट बरी होईन, असं वाटलं मले."

त्याच दिवशी गुंजनने तिला गोंदियाच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घड्याळातल्या पहाटेच्या नोंदी बघितल्या, लाल पाकीट बंद केलं, पांढऱ्यातली गोळी अर्धी केली आणि काही दिवसांनी पुन्हा बोलावलं. गजेंद्र बिरसीहून सरळ तिथेच आला होता. बाहेरच्या बाकावर बसून बहिणीने त्याला सगळं सांगितलं.

"मी विमानाचं घेतलं असतं त ते पेटीत राहिलं असतं," तो म्हणाला.

"राहिलंच असतं," गुंजन म्हणाली.

पहाटेचे ठोसे आठवडाभरात थांबले. रोवणा सुरू झाला तेव्हा रुख्मा बायांच्या रांगेत पहिल्यासारखी वाकली. मनगटावर चिखल वाळून घड्याळाचा रंग कुणाला ओळखू येत नव्हता. कडेला एक पोचाही आला, कुदळीच्या दांड्याचा. तिने त्याचं काही मनावर घेतलं नाही. सुशिलाबाईचा डबाही गुंजनने तपासून दिला. त्यात मात्र सगळं ठीक निघालं, आणि सुशिलाबाई थोडी खट्टू झाली.

श्रावण लागला. जंगलात वारुळांवर सात्या, म्हणजे अळंबी, उगवल्या, छत्रीसारख्या पांढऱ्या, मातीचा वास असलेल्या. वर्षातून थोडेच दिवस त्या मिळतात. रुख्मा एकटी जाऊन भरली टोपली घेऊन आली. कुणी अडवलं नाही. अर्ध्या सात्या तिने पळसाच्या पानांत बांधल्या आणि दुपारची बस धरून देवरीला गुंजनच्या खोलीवर गेली.

गुंजन नुकतीच ड्यूटीवरून आली होती. दारात आईला बघून ती आधी घाबरली आणि मग पुडा बघून खूश झाली. दोघी जमिनीवर बसून सात्या साफ करू लागल्या.

"इतकं पानी नको वतू," रुख्मा म्हणाली. "सवाद निंगून जाते."

"माती आहे ना माय."

"राहू दे थोडीशी."

गुंजनने नळ बंद केला. "कोठी भेटल्या?"

"नाल्याच्या पल्याड. बाभळीजवळ मोठं वारूळ आहे. मी कोनाले सांगत नाई."

"मले त सांग."

रुख्माने लेकीकडे पाहिलं. नाल्यापासून किती आत, कुठल्या दगडाकडून उजवीकडे, वाटेत कुठे पाय घसरतो, हे ती सांगू लागली. मधेच थांबली.

"सांगून नाई समजन. येत्या रविवारी ये. पहाटे उठा लागन मात्र."

"उठीन," गुंजन म्हणाली आणि तव्यावर तेल सोडलं.